काळखेड्याच्या धरणातला विजेचा रहाट

हितेंद्र झोपेने बोट घेतली तेव्हा पिंप्राळ्यात त्याला कोणीही वेडा म्हणालं नाही. पिंप्राळ्यातली माणसं सभ्य आहेत. त्यांनी तेच सल्ल्याच्या रूपात सांगितलं. बोट ट्रॉलीवर बसून कॉलनीत आली, गल्लीत आडवी उभी राहिली आणि त्या दिवसापासून तिच्या कडेने जाणारा प्रत्येक जण एकेक सल्ला ठेवून जाऊ लागला. समोरच्या पुष्पाबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत धुतलेल्या गोधड्या तिच्यावर वाळत घातल्या आणि वर सुचवलं, "घ्यायचीच होती तर थोडी उंच घ्यायची ना रे. टोक लोळतं खाली."

बोटीमागची कल्पना अगदी साधी होती, आणि साध्या कल्पनांनीच माणसाचं सर्वात जास्त नुकसान होतं. आपल्याकडे थंडी पडली की माणसं शेतात जाऊन वांग्याचं भरीत खातात. घरी तेच भरीत, तीच कळण्याची भाकरी मिळत असताना शेतात का जायचं, असं कोणी विचारत नाही. हितेंद्रला वाटलं, जी माणसं भरतासाठी शेतापर्यंत जातात ती पाण्याच्या मध्यापर्यंतही येतील. पाचोऱ्याच्या रस्त्याला काळखेड्याचं धरण होतं. धरणात पाणी होतं. कोकणातल्या एका गृहस्थाकडे जुनी बोट होती. आता फक्त भरीत उरलं होतं.

"भरताले पाणी सुटते," एवढाच आक्षेप त्याच्या आईने, धुरपदाबाईंनी घेतला.

नूतनने, म्हणजे बायकोने, आक्षेप घेतला नाही. ती म्हणाली, "बोटीची एवढी हौस होती, तर लग्नाआधी सांगायचं. माझ्या वडिलांनी समुद्राकाठचा जावई बघितला असता, तुम्हाला समुद्राकाठची बायको मिळाली असती, सगळेच सुटलो असतो."

हितेंद्र तोवर एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचा. ज्यानुसार माणूस तासाच्या बाहेर अस्तित्वात नसतो, ते तासिका तत्त्व. बोटीसाठी तो राजीनामा द्यायला गेला, तेव्हा कार्यालयात त्याला सांगण्यात आलं की राजीनामा नोकरीचा देतात.

या सगळ्याकडे सावद्याहून एक माणूस शांतपणे बघत होता. नूतनचा मोठा भाऊ भूषण. भूषणचा केळीचा व्यापार होता, शेताच्या बांधावरच ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसात हितेंद्रसाठी आणून ठेवलेली एक फिरती खुर्ची होती. तिचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. भूषण कधी टाकून बोलायचा नाही. प्रत्येक भेटीच्या शेवटी, चपला घालता घालता तो फक्त म्हणायचा, "पाहुणे, खुर्ची रिकामीच आहे बरं का."

तर प्रश्न असा होता. बोट चालली, तर हितेंद्र बोटीवर. नाही चालली, तर खुर्चीवर. मेहुण्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस पुन्हा कधी उठत नाही, हे त्याने नात्यातल्या इतर माणसांकडे बघून पक्कं केलं होतं.

धरण जळगाव जिल्ह्यात असल्यामुळे त्याची फाईल धुळ्याला, देवपुरातल्या एका कार्यालयात होती. तिथे ज्ञानेश्वर भदाणे नावाचे साहेब बसत. धरणात बोट चालवायला परवानगी मागणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे नियम नव्हते. पण नियम नाहीत म्हणून परवानगी देऊन टाकणाऱ्यांपैकी भदाणे साहेब नव्हते. त्यांनी कुठूनतरी बंदराचे नियम मिळवले आणि जसेच्या तसे काळखेड्याला लावले.

"भरती-ओहोटीची नोंद ठेवावी लागेल," साहेब म्हणाले.

"साहेब, धरणाला भरती येत नाही."

"येत नाही ना? मग तसं लिहून द्या."

"देतो."

"रोज."

हितेंद्रने मान डोलावली. साहेब पुढच्या ओळीवर गेले. "नांगर यांत्रिक पाहिजे. मी स्वतः येऊन बघणार. तुम्ही बटण दाबायचं, नांगर वर आला पाहिजे, बोटीने एक चक्कर मारली पाहिजे, की लगेच सही. हाताने ओढलेला नांगर ग्राह्य धरला जाणार नाही."

इथे हितेंद्र जिंकल्यासारखा हसला, कारण त्याच्या बोटीच्या नाकावर खरोखरच तसं यंत्र होतं. त्याला विंडलास म्हणतात. नांगराची साखळी एका दातेरी चाकावरून जाते, बॅटरीवरची मोटर ते चाक फिरवते, बटण दाबलं की नांगर खाली, दुसरं दाबलं की वर. समुद्रावर त्याचा उपयोग असतो. पिंप्राळ्यात धुरपदाबाईंनी ते बघून, "म्हंजे राहाटच ना हा," असं म्हटलं आणि यंत्राचा विषय संपवला.

बोट धरणात उतरली तो दिवस चांगला होता, म्हणजे सकाळपर्यंत. नारळ फुटला. हितेंद्रने आईला आणि चार शेजाऱ्यांना घेऊन मध्यावर जाऊन बटण दाबलं आणि नांगर खडखडत खाली गेला. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली जाणाऱ्या वस्तूला टाळ्या वाजवू नयेत, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मग धुरपदाबाईंनी पिशवीतून लिंबू-मिरची काढली. नव्या वाहनाला ती बांधल्याशिवाय त्यांनी आजवर सायकलसुद्धा घराबाहेर जाऊ दिली नव्हती. पण बोटीला पुढे बंपर नसतो, आरसाही नसतो. त्या बोटभर फिरल्या आणि मागच्या बाकाखाली, एका छोट्या काळ्या डबीवर, त्यांना एक पिवळी आकडी वर आलेली दिसली.

"एवढ्या मोठ्या बोटीत एवढीच एक जागा कामाची हाये," असं म्हणून त्यांनी तिथे दोरा घट्ट आवळला. लिंबाच्या वजनाने आकडी खाली आली.

टक्, असा आवाज झाला.

"आयकलं देवानं," धुरपदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. सगळ्यांनी जोडले. हितेंद्रनेही जोडले.

त्यानंतर नांगर वर आला नाही.

बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या बोटांनी दाबलं. विंडलास मेलेला होता. त्याच्यासोबत हाताने फिरवायचा एक दांडा आला होता, पण कोकणातून येताना ट्रकवाल्याने वाटेत तो जॅकला लावला आणि तिथेच विसरला. बोट धरणाच्या मधोमध बांधलेल्या गाईसारखी स्वतःभोवती फिरत राहिली. भरीत काठावरच खाल्लं गेलं. फार चांगलं झालं होतं, असं प्रत्येकाने हितेंद्रला जवळ घेऊन दिलासा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा दुसरा हंगाम सुरू झाला. कॉलनीतले योगराज नाना विजेच्या कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांचं ज्ञान मोकळं झालं होतं.

"फेज गेला," नाना म्हणाले.

"नाना, ती बॅटरी आहे. बॅटरीला फेज नसतो."

"फेज कशातूनही जातो. तू अजून लहान आहे."

नाना स्वतः यायला निघाले. बोटीपर्यंत जायचं तर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी होडीतून जावं लागे. नानांनी चार माणसांना बोटीच्या नाकाशी उभं करून हातानेच साखळी ओढायला लावली. साहेबांना चालणार नव्हतं, पण निदान नांगर तर सुटेल. चार माणसं पुढे गेल्यामुळे बोटीचं नाक पाण्यात गेलं, आणि खाली वाकून "जोर लावा" म्हणणाऱ्या नानांच्या खिशातला मोबाईलही गेला. साखळी बंद चाकाच्या दातांत धरलेली असल्यामुळे नांगर मात्र होता तिथेच राहिला. त्यानंतर पुष्कळ दिवस, नांगराचा विषय निघाला की नाना मोबाईलचा विषय काढत.

हितेंद्र भौतिकशास्त्राचा माणूस होता. त्याने मीटर आणला. बॅटरीपाशी बारा व्होल्ट. मोटरपाशी शून्य. म्हणजे मधे कुठेतरी रस्ता तुटलाय, एवढं त्याला दोन मिनिटांत समजलं, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात त्याला बरोबर समजलेली गोष्ट एवढी एकच. मधला रस्ता बाकाखालून जात होता. तो बाकाखाली वाकला.

"हात लावू नको तिठे!" धुरपदाबाई ओरडल्या. "देवाचं हाये. शनिवारी बदलवीन तवा पाहून घे काय पाह्यचं ते."

शनिवारी त्या लाकडी होडीतून गेल्या आणि त्यांनी लिंबू-मिरची बदलली. पण जागा क्षणभरही उघडी राहू नये म्हणून त्या आधी नवी बांधायच्या आणि मग जुनी सोडायच्या. सोडलेली पाण्यात टाकायची, हात जोडायचे, की हितेंद्रने बघायची वेळ संपली. पुढे दर शनिवारी हे असंच झालं. दुरुस्तीच्या कामात इतका नेमाने येणारा दुसरा माणूस नव्हता.

शेवटी मोटर उघडून पाचोऱ्याला सुकदेवकडे नेली. सुकदेवचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. सगळ्या शिवारातल्या विहिरींच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे यायच्या, आणि त्याच्या दुकानात जे जायचं ते रिवाइंड होऊनच बाहेर यायचं. एकदा लग्नात द्यायचा नवा मिक्सर कोणीतरी पाच मिनिटं त्याच्याकडे ठेवून चहाला गेलं होतं. तोही रिवाइंड होऊन मांडवात पोहोचला.

सुकदेवने मोटर हातात घेऊन वजन केलं, कानाशी धरली, वास घेतला. "बठ्ठं तांबं बदलनं पडी."

"जळालंय का?"

"नही. पन बदली टाकू ना. आते आनीच शे ते."

आणलीच आहे तर म्हणून त्याने सगळं तांबं बदललं, विहिरीच्या मोटरीच्या हिशोबाने चांगलं जाड घातलं. दुकानात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावली तर मोटर अशी सुटली की टेबल चालू लागलं. बोटीवर नेऊन बसवली. बटण दाबलं. काही नाही. परत दुकानात नेली. टेबल चाललं. परत बोटीवर. काही नाही. मग सुकदेव स्वतः आला. त्याने जुनी वायर पूर्ण काढून नवी जाड वायर ओढली आणि बाकाखालच्या डबीपाशी आल्यावर चपला काढल्या. लिंबाला धक्का न लावता, मिरच्यांच्या मधून पान्हा घालून, त्याने डबीचे दोन्ही स्क्रू नव्या वायरीवर आवळले. इतक्या श्रद्धेने झालेलं वायरिंग हितेंद्रने पाहिलं नव्हतं. बटण दाबलं. काही नाही.

सुकदेवने चपला पुन्हा पायात घातल्या. मग म्हणाला, "भाऊ, मोटर मस्त शे. तुम्हनी बोट खराब शे."

हे मत पिंप्राळ्यात सर्वांना पटलं. मोटर दुकानात चालते आणि बोटीवर चालत नाही, याचा अर्थ बोटीला नजर लागलेली आहे. धुरपदाबाईंनी स्वतःला दोष दिला. एका लिंबावर भागवायला नको होतं. मग लिंबं वाढली, मिरच्या वाढल्या, एक बिबा आला, पुष्पाबाईंनी त्यांच्या नातीची एक जुनी चप्पल दिली, आणि या सगळ्याचा घोस त्या पिवळ्या आकडीला लटकू लागला. आता ती आकडी भूकंपानेही वर आली नसती.

घरी नूतनने एकदाच विचारलं, "अहो, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल?"

हितेंद्रला भरून आलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो उठून बसला, "सर्किटमध्ये कुठेतरी..." असं म्हणाला, तेवढ्यात भूषणचा फोन आला आणि नूतन तो घ्यायला आत गेली.

तपासणीच्या दिवशी भदाणे साहेब आले. त्यांना बोटीपर्यंत लाकडी होडीतूनच न्यावं लागलं. त्या होडीला परवानगी नव्हती, नांगर नव्हता, भरती-ओहोटीची नोंद नव्हती, तळाला भोक होतं आणि त्यात चिंधी कोंबलेली होती. ती चालत होती. साहेब तिच्यात फाईल डोक्यावर धरून बसले आणि हितेंद्रच्या बोटीवर चढल्यावर म्हणाले, "आता ही नियमाने झालेली वस्तू."

हितेंद्रने बटण दाबलं. सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. काठावर भूषण उभा होता. त्याने पाण्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे ही हलत नाही," साहेब म्हणाले.

"आज हलत नाही, साहेब."

"दिवाळीपासून इथेच आहे?"

"हो. म्हणजे, फिरते थोडी. वाऱ्याने."

साहेबांनी फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर एखादं अवघड गणित सुटल्यासारखा प्रकाश पडला. "झोपे, मग ही बोट नाहीच. जी हलत नाही आणि तळाला पक्की बसलेली आहे, ती बोट कशी? हे बांधकाम झालं. बुडित क्षेत्रात विनापरवाना बांधकाम."

"साहेब, खाली पाणी आहे."

"तेच म्हणतो मी. पाण्यावर बांधकाम करायचं तर आधी जागा बिगरशेती करावी लागते. तुमच्याकडे एनएचा आदेश आहे?"

हितेंद्रकडे नव्हता. पाणी बिगरशेती करून घेणारा खानदेशातला पहिला माणूस होण्याची त्याच्यात ताकदही उरली नव्हती. त्याच आठवड्यात नोटीस आली. अतिक्रमण काढून घ्यावे, अन्यथा पाडण्यात येईल. बोट पाडणार कशी, हे विचारायला तो देवपूरला गेला. साहेब म्हणाले ते बांधकाम विभाग बघेल.

मग उन्हाळा आला आणि नोटिशीपेक्षा त्याने लवकर काम केलं. धरणातलं पाणी उतरत गेलं, बोट खाली खाली बसत गेली आणि एक दिवस चिखलावर टेकली. हितेंद्र चालत तिच्यापर्यंत गेला. साखळीच्या मागे मागे जाऊन त्याने नांगर पाहिला. दगडात नाही, बुडालेल्या झाडात नाही, नांगर कशातच अडकलेला नव्हता. नुसता पडून होता. शेजारी नानांचा मोबाईल होता.

त्या रात्री जेवताना तो नूतनला म्हणाला, "भूषणभाऊंना सांग, येतो."

भूषण चांगला माणूस होता. तो एक शब्दही टाकून बोलला नाही, आणि हितेंद्रला तेच सर्वात जास्त लागलं. त्याने क्रेन पाठवली, बोट उचलून शेतावर आणवली. बोटीत खताच्या गोण्या छान मावल्या. लिंबा-मिरच्यांचा शेवटचा घोस क्रेन येण्याआधीच धुरपदाबाईंनी स्वतः सोडला, डोळे पुसत धरणाच्या उरलेल्या पाण्यात सोडून दिला, आणि पहिल्यांदाच ती जागा उघडी राहिली.

भूषणच्या विहिरीतली मोटर जळाली होती. केळी उन्हात, पाणी रोज लागणार, आणि मोटर बाहेर काढायला चेनपुली मिळेना. भूषण बोटीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "हा रहाट इथे का नाही लावायचा?" सुकदेवला बोलावणं गेलं. त्याने विंडलास, बटण, वायर, काळी डबी, सगळं जसंच्या तसं काढून विहिरीवर तीन खांबांच्या तिवईला बसवलं. डबी फळीवर ठोकताना पिवळी आकडी खाली लोंबताना दिसली. सुकदेवला वाकडं काही आवडायचं नाही. त्याने ती अंगठ्याने वर सरळ केली.

सोमवार हितेंद्रचा पहिला दिवस. त्याला काम देण्यात आलं बटण दाबायचं. त्याने दाबलं.

साखळी ताणली गेली. चाक फिरलं. जड पाइप, त्याला लटकलेली मोटर, सगळं विहिरीतून इतकं सहज वर येऊ लागलं की गडी शिट्ट्या मारू लागले. "वा भूषणदादा, काय डोकं लावलं!" कोणीतरी ओरडलं. "रिवाइंडिंग बोली राह्यनं," सुकदेव आपण भरलेल्या तांब्याकडे बोट दाखवत म्हणाला. बटणावर बोट धरलेल्या माणसाबद्दल कोणी काही म्हणालं नाही. हितेंद्र चाकाकडे बघत राहिला. तीच मोटर, तीच वायर. दिवाळीपासून तो ज्याच्यासाठी होडीतून, चिखलातून, देवपूरच्या जिन्यातून फिरला, ते मेहुण्याच्या विहिरीवर पहिल्या बटणाला चाललं होतं.

तेवढ्यात नूतन धुरपदाबाईंना घेऊन आली. पोराच्या हाताने चालणारं यंत्र बघून धुरपदाबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी चहूकडे पाहिलं, पिशवीत हात घातला, ताजी लिंबू-मिरची बाहेर काढली. सोबत एक असोला नारळही होता, कारण मागचा अनुभव वाईट होता. मग त्यांना डबी दिसली.

"घ्या! एवढीच एक जागा कामाची हाये," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दोरा आवळला.

टक्.

चाक थांबलं. मोटर विहिरीच्या अर्ध्यात लटकली आणि हळूहळू स्वतःभोवती फिरू लागली.

"फेज गेला," एक गडी म्हणाला.

"मोटर मस्त शे," सुकदेव घाईने म्हणाला. "विहीर खराब शे."

हितेंद्र आकडीकडे बघत होता. दोऱ्याकडे, लिंबाकडे, नारळाकडे. आकडी वर असली की रस्ता जोडलेला, खाली आली की तुटलेला. मग त्याला एकेक शनिवार आठवला. बाकाखाली वाकलेलं आपलं डोकं आठवलं, चपला काढून बसलेला सुकदेव आठवला, साहेबांची फाईल, चिखलात नुसता पडलेला नांगर. त्याने हात पुढे केला. दोन बोटांचं काम होतं.

"हात लावू नको!" धुरपदाबाई ओरडल्या. "देवाचं हाये ते."

हितेंद्रने हात मागे घेतला. भूषण केळीच्या बागेकडे बघत होता, ती ऐन उन्हात मान टाकून उभी होती. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पाहुणे, तुम्ही फिजिक्सवाले. तुम्ही सांगा ना, आता काय करायचं?"

सगळे वळले. दिवाळीपासून ज्या प्रश्नाची तो वाट बघत होता तो अखेर चारचौघांत, मोठ्याने, त्यालाच विचारला गेला होता. आणि उत्तर त्याला येत होतं. त्याने आईकडे पाहिलं. तिचे जोडलेले हात अजून सुटायचे होते.

"शनिवारपर्यंत काही करता येणार नाही," हितेंद्र म्हणाला.

मग तो ऑफिसात गेला, फिरत्या खुर्चीचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बसला. खुर्ची आरामशीर होती. बाहेर गडी बटण दाबत होते, वेगवेगळ्या बोटांनी.